पुढचा उजवा खांदा

एम्लिन मंगळवारी गेला. बुधवारी सकाळी नेस्टाच्या स्वयंपाकघरात दोन पुरुष येऊन बसले, आणि चहा संपायच्या आत तिला कळलं की हे सांत्वनाला आलेले नाहीत. हे गाडीचं बोलायला आलेत.

"नेस्टा, पोरी, माझं ऐक," हेडन म्हणाला. हेडन एम्लिनचा थोरला भाऊ. अंगाने बैलासारखा, पण चाळीस वर्षं कोळसा काढल्यामुळे चार वाक्यं बोलला की छातीतून शिट्टी यायची. "आयव्हरकडे नवी गाडी आहे. काळी, चकचकीत. वर दफनभूमीपर्यंत जाते."

शवपेट्या करणारा पेटीवाला आयव्हर मान हलवत होता. गावात आयव्हर नावाचे चौघे होते, म्हणून दुधवाला आयव्हर वेगळा आणि हा वेगळा. "पैशाचं बघू नकोस," तो म्हणाला.

"गाडी नको," नेस्टा म्हणाली. "त्याने मला सांगितलंय. मी त्याला शब्द दिलाय. खांद्यावरून जाणार तो."

कुमहेलिग गावात खाणीतला माणूस गेला की त्याला टेकडीवरच्या दफनभूमीत खांद्यावरूनच नेत. सहा जण पेटी उचलायचे, वीस पावलं झाली की 'बदला!' अशी हाक पडायची आणि मागचे सहा पुढे यायचे. पुढचा उजवा खांदा घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाचा. पूर्वी पुरुष इतके असत की टेकडी चढेपर्यंत एकेकाच्या वाट्याला दोन पाळ्यासुद्धा येत नसत. बायकांनी पडदे ओढून घरात थांबायचं आणि परत येणाऱ्यांसाठी हॅम कापायचं. नेस्टाचे वडील गेले तेव्हा तिनेही हॅमच कापलं होतं, आणि हे असं का म्हणून कुणाला विचारलं नव्हतं. त्याची चीड तिला आता येत होती.

"कुणाच्या खांद्यावरून?" हेडनने विचारलं. "संपानंतर खाण बंद झाली. पोरं कारखान्यात गेली, कोण इंग्लंडात गेलं. मोजून नऊ जण उरलोत गल्लीत. नऊपैकी पाच जणांना दुकानापर्यंत जाताना तीनदा थांबावं लागतं."

"तुला कितीदा?"

हेडनने खोकून घेतलं.

"बायका आहेत," नेस्टा म्हणाली.

आयव्हरचा कप बशीवर वाजला. "बायका? अगं, उंची जुळायला लागते! नाहीतर पेटी तिरकी होते."

"संपात पोलिसांसमोर साखळी करून उभ्या राहिलो तेव्हा कुणी आमची उंची मोजली नाही," नेस्टा म्हणाली. "भर थंडीत खाणीच्या ढिगाऱ्यावरून कोळशाच्या गोण्या आम्हीच खाली आणल्या. तुमच्या चुली त्यावरच पेटल्या ना? तेव्हा नाही म्हणालात, बायांनो, घरी बसा."

"ते वेगळं होतं," हेडन म्हणाला.

"हो. तेव्हा तुम्हाला थंडी वाजत होती."

हेडनचा चेहरा लाल झाला. तो उठला, टोपी घातली आणि दारात थांबून म्हणाला, "मी असला तमाशा होऊ देणार नाही. माझा भाऊ आहे तो."

"माझा नवरा आहे," नेस्टा म्हणाली आणि त्याच्या मागे दार लावून घेतलं. मग ती खुर्चीत बसून पोटभर रडली. एम्लिनसाठी रडली, आणि थोडी रागानेही.

शनिवारी चॅपलच्या दारात पाद्र्याने प्रार्थना संपवली आणि गाडी नाही तर बायकाही नकोत, म्हणून पुरुषच पेटीभोवती गोळा झाले. तेवढ्यात समोरच्या घराचा पडदा सरकला आणि गेनोर दार उघडून बाहेर आली. संपात हॉलमध्ये सगळ्या गावाचं जेवण शिजायचं, तेव्हा मोठ्या पातेल्याचा एक कान तिने धरायचा, दुसरा नेस्टाने. गेनोरमागे पॅरीबाई. वय सत्तर, पायात नवऱ्याचे बूट. मग एकेक दार उघडत गेलं. तेवीस बायका रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि आपणहून उंचीप्रमाणे रांगेत लागल्या.

"काय बघतोयस, आयव्हर?" पॅरीबाई म्हणाल्या. "टेप आणलीय का? घे माप."

कुणीतरी हसलं. अंत्ययात्रेत हसलेलं नेस्टाने पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिला बरं वाटलं. एम्लिनला आवडलं असतं.

हेडनने कुणाकडे पाहिलं नाही. पुढचा उजवा खांदा त्याने घेतला, मागे पाच पुरुष लागले, आणि पेटी उठली. नेस्टा पेटीमागे चालायला लागली. तिला कुणी अडवलं नाही. चॅपलपासून पाणपंपापर्यंत उरलेल्या तिघांना आलटूनपालटून घेत पुरुषांनी दोनदा बदल केला. पंपापुढे चढ लागला. तिसऱ्या पाळीला हेडनच्या छातीतली शिट्टी मागच्या रांगेपर्यंत ऐकू यायला लागली. पेटी हलली, मग तिरकी झाली. पायाखालचा खडा सरकला आणि हेडन एका गुडघ्यावर आला. इतर पाच जणांनी कशीबशी पेटी पेलली.

"गाडी आणा," आयव्हर मागे वळून म्हणाला. "धावा कुणीतरी."

"बदला!" नेस्टा ओरडली.

ही हाक शंभर वर्षं या टेकडीवर पडत होती, पण बाईच्या आवाजात कधीच पडली नव्हती. गेनोर आणि चार जणी पुढे सरकल्या, पेटीखाली खांदे गेले. नेस्टाने हेडनच्या काखेत हात घालून त्याला बाजूच्या कठड्यावर बसवलं आणि त्याची जागा घेतली. लाकडाची कड खांद्यात रुतली. पेटी कोळशाच्या गोणीपेक्षा जड होती. आतला एम्लिन मात्र तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलका होता. छातीत साठलेल्या कोळशाच्या धुळीने त्याच्यातलं किती खाल्लं होतं ते तिला आत्ता कळलं.

"तू खाली जा," ती हेडनला म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ धारदारच होती. "हॅम कापायचं राहिलंय."

वीस पावलांवर गेनोरने हाक दिली. पुढच्या वीसवर पॅरीबाईंनी. वाट अरुंद झाली तिथे त्या अंग आडवं करून पुढे सरकत गेल्या आणि पेटी एकदाही तिरकी झाली नाही. नेस्टाने आपली जागा मात्र कुणाला दिली नाही. दफनभूमीच्या फाटकाशी पाद्र्याने क्षणभर पेटीकडे पाहिलं, मग बायकांकडे, आणि मुकाट्याने दोन्ही दारं उघडली. खड्ड्यात पहिली मूठभर माती नेस्टाने टाकली. दिलेला शब्द पाळला होता. आता तिला कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.

घरी परतल्या तर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ओट्याशी हेडन उभा होता. कमरेला नेस्टाचा फुलाफुलांचा ॲप्रन, त्याच्या पोटावर जेमतेम बांधलेला. सगळं हॅम कापून झालं होतं, काही तुकडे बोटभर जाड, काहींचा नुसता चुरा.

"जाड झालंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"चालेल. त्याला जाडच आवडायचं."

हेडनने सुरी पुसली. पुन्हा पुसली. मग शिट्टीतून कसाबसा म्हणाला, "नेस्टा, माझ्या वेळेला... पुढचा उजवा तू घेशील?"

नेस्टाने एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी वजन कमी कर," ती म्हणाली.