शुद्धलेखन सुधारणारं यंत्र

हॉस्पिटलच्या सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. वॉर्डबॉयपासून मोठ्या साहेबांपर्यंत झाडून सगळे पडद्याकडे टक लावून बसले होते. पडद्याशेजारी उभ्या असलेल्या तज्ज्ञाला दोन दिवसांतच 'दिव्यदृष्टी' हे नाव पडलं होतं.

"चार लाख जुने केसपेपर या यंत्राच्या पोटात आहेत! त्याने प्रत्येक अक्षर वाचलंय," तो गरजला. "या तीन खोक्यांतला कुठलाही कागद काढा!"

साहेबांनी हर्नियाच्या ऑपरेशनचा एक कागद उचलला. 'हर्निया' टाइप करताच तोच पडद्यावर झळकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचे हात नुसते जोडायचे बाकी होते. जुने कागद सोमवारी लगद्याला पाठवायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मागच्या रांगेतल्या रेकॉर्डच्या बाई मात्र डोळे बारीक करून पाहत होत्या. पडद्यावरच्या कागदावर जुन्या कारकुनाने 'हार्निया' लिहिलं होतं. जन्मभर तो तसंच लिहीत आला. मग यंत्राने 'हर्निया' कुठून वाचलं?

त्यांनी विचारलं, तर दिव्यदृष्टी हसला. "ताई, शंका घेणाऱ्यांना तंत्रज्ञान फळत नाही."

दुसऱ्या दिवशी एक मुलगी धावतपळत रेकॉर्डरूममध्ये आली. तिच्या आईचं उद्या ऑपरेशन होतं. वीस वर्षांपूर्वी इथेच भुलीच्या कुठल्याशा औषधाने आई मरता मरता वाचली होती. औषधाचं नाव कळल्याशिवाय सर्जन सुरीला हात लावणार नव्हते. बाईंनी यंत्रात आईचं नाव टाकलं. उत्तर आलं, 'काहीही आढळले नाही.'

"म्हणजे तसा कागदच नाही," दिव्यदृष्टीने निकाल दिला. "यंत्र चुकत नाही."

"आई काय खोटं बोलते?" मुलीचा आवाज चिरकला.

बाईंनी पदर खोचला. लगद्यासाठी बांधलेले त्या वर्षाचे गठ्ठे सोडले. दीड तास धूळ खाल्ल्यावर कागद हाती लागला. औषधाचं नाव लाल शाईने अधोरेखित केलेलं होतं. मुलीला त्यांनी थेट सर्जनकडे पिटाळलं आणि कागदावरचा नंबर टिपून स्वतः सभागृह गाठलं. तिथे दुसरा प्रयोग रंगला होता.

"हा नंबर उघडा," बाई म्हणाल्या. कागदाचं चित्र पडद्यावर आलं. "आता यावरचा कुठलाही शब्द शोधून दाखवा."

नाव टाकलं, औषध टाकलं, यंत्र ढिम्म.

"बरं, कालच्या कागदावरचा 'हार्निया' शोधा. जसा लिहिलाय तसाच."

काहीही आढळले नाही.

"समोर लिहिलेलं याला दिसत नाही, न लिहिलेलं मात्र दिसतं! हे वाचन नाही साहेब, हे कुणीतरी टाइप केलंय."

शेवटी तज्ज्ञाबरोबर आलेल्या टायपिस्टबाई उठल्या. "त्या तीन खोक्यांतले सगळे साठ कागद मी हाताने टाइप करून चित्रांमागे जोडले. शुद्धलेखन... मीच सुधारलं."

दिव्यदृष्टी घाम पुसत 'तांत्रिक अडचण' पुटपुटला.

"बाकीचे चार लाख?" साहेबांनी विचारलं.

"नुसते फोटो," रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या. "फोटोत यंत्राला फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर मागे जोडावा लागतो, तेव्हा कुठे तो शोधता येतो. ओळखणारे प्रोग्रॅम असतात, पण ते हस्ताक्षरात अडखळतात. माणसाने तपासावंच लागतं. इथे तर ओळखण्याचं काम झालेलंच नाही."

लगद्याची गाडी रद्द झाली. सर्जननी भुलीचं औषध बदललं, आणि ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली तेव्हा मुलगी उशाशी बसली होती.

साहेब ओशाळून म्हणाले, "आम्हाला कसं कळणार हो हे?"

"खोकं त्याच्याऐवजी तुम्ही निवडलं असतं, तर कळलं असतं," बाई म्हणाल्या. "यंत्र घ्या, चांगलंच असतं. पण टाळ्या वाजवण्याआधी आपल्या पसंतीचा एक कागद त्याला मागा. आणि ते 'नाही' म्हणालं, तरी माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा कपाट उघडा."