एकाच ठिकाणी गळणारं इरलं

“ओत गं पानी! समदी कळशी ओत. माजी पाठ भिजली तरी भिजू दे. कुठं गळतंय ते मी तुला बोट लावून दावते.”

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये पळसाची पानं, असा माझा देह. भरपावसात ओणवं राहून भाताची लावणी करणाऱ्या बाईचं डोकं आणि पाठ कोरडी ठेवायची, हे माझं काम. वरचे शब्द मोतीबाईचे. तिला मी पाहिलेलं नाही. पण आमच्या कडाव गावातल्या भागूबाईला इरली विणायला तिनं शिकवलं, आणि मला विणलं जात असताना भागूबाई तिच्याच गोष्टी सांगत असे.

मोतीबाईची एक रीत होती. शिकणारीचं इरलं तयार झालं की ती स्वतः ते डोक्यावर घेऊन अंगणात ओणवी व्हायची आणि वरून पाणी ओतायला लावायची. मग जिथून थेंब आला तिथं आतून बोट लावायची. “हितं बग. ह्ये पान उलटं बसलंय. बाकी समदं झ्याक.” शेवटच्या दुखण्यात तिनं भागूबाईचा हात धरून विचारलं होतं, “तू कुनाला शिकवशील, तवा आशीच भिजशील ना गं?” भागूबाईनं तुळशीवर हात ठेवून हो म्हटलं होतं.

नवरा गेल्यावर भागूबाई माहेरी, भाऊ येसाजीकडे राहत होती. येसाजीची बायको सोनुबाई घरात नवी होती, कष्टाळू होती. तिची आई कशेळ्याला लोकांच्या शेतात लावणीला जायची, डोक्यावर फाटकं गोणपाट घेऊन. “आये, म्होरल्या लावणीला माज्या हातचं इरलं घेशील,” असं सोनुबाई तिला सांगून आली होती. म्हणून नणंदेजवळ ती शिकायला बसली. तिच्या हातचं पहिलं इरलं ते मी.

मला विणायला तिला आठ दिवस लागले. कोयतीनं कामट्या तासताना बोटं कापली. पण काठ तिनं असा वळवला की कुठं टोक म्हणून हाताला लागत नाही. पानं खालून वर लावत न्यायची असतात, म्हणजे वरच्या पानावरचं पाणी खालच्या पानावर उतरतं. सगळीकडे तिनं ती तशीच लावली. फक्त मानेपाशी, जिथं मला वाक आहे, तिथं दोन पानांची अदलाबदल झाली.

माझी परीक्षा झाली तो सोमवार होता. भागूबाईचा सोमवार कडक. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ती देवळात निघालेली. त्यात आपापली इरली न्यायला चारपाच बायका अंगणात आलेल्या. लुगडं भिजेल म्हणून भागूबाई माझ्याखाली बसली नाही. मला दोन दगडांवर ठेवून तिनं उभ्या उभ्याच कळशी रिकामी केली. खालची माती ओली झाली.

“ह्ये इरलं नाय गं, चाळन हाय! नाचनीचं पीठ चाळाय घे,” ती म्हणाली. बायका खदखदून हसल्या.

सोनुबाईनं हळूच विचारलं, “वन्सं, कुठं गळतंय?”

“कुठं म्हंजी? गळतंय म्हंजी गळतंय. तुजं तू बग.” आणि बेलाची पानं घेऊन ती निघून गेली.

कुठं गळतंय ते मला ठाऊक होतं. पण इरल्याला कुठलं बोट?

सोनुबाईला वाटलं, सगळंच वाईट झालं. तिनं मला चुलीवरच्या धुरात टांगलं आणि कोयती वळचणीला खोचली. पुन्हा हातात धरली नाही. वर्षभरात येसाजीला आगगाडीच्या रुळांवर काम मिळालं आणि दोघं दहिवलीला राहायला गेली. मला नेलं नाही. मी धुरात काळं होत राहिलं. लावण्या आल्या, गेल्या. कशेळ्याची आई गोणपाटाखालीच भिजत होती. येसाजी सणाला आला की सांगायचा, “सासूची कंबर धरलीया. पन लावणीला जातीच.” भागूबाई ऐकायची आणि कामट्या तासत राहायची.

पाचव्या आषाढात भागूबाईच्या इरल्याची पानं शेळीनं खाल्ली. म्हणून तिनं मला खाली काढलं. दिवसभर ती माझ्याखाली वाकून लावणी करत होती. मानेवर थेंब पडत होता. एकाच जागी. बाकी पाठ कोरडी ठणठणीत.

बांधावर शेजारच्या गौराबाईनं मला हातात घेतलं. “कुनी इनलंय गं? काठ तर तुज्यापरास बरा हाय!”

“सोनूनं,” भागूबाई म्हणाली.

“मंग चाळन म्हनली व्हतीस ते? गळतंय व्हय?”

“गळतंय. एका ठिकानी.” तिनं मानेवरचं पाणी पुसलं.

घरी येऊन तिनं त्या दोन पानांवर बोट ठेवलं. घटकाभराचं काम होतं. तिनं हात घातला आणि मागं घेतला. “नाय. ह्ये तिच्याच हातनं व्हायला पायजे.” मग ती तुळशीपाशी जाऊन बसली. देवाला बोललेला एकही सोमवार तिनं चुकवला नव्हता. मोतीबाईला दिलेला शब्द मात्र धुतलेल्या लुगड्यापायी चुकला होता.

मित्रांनो, कुणाचं काम पारखायची वेळ आली तर त्याच्याखाली जरा वाकून बसा. उणं असेल तिथं बोट ठेवा, आणि बरं असेल तेही त्याच तोंडानं सांगा. सगळ्यालाच चाळण म्हणू नका. गेलेल्या लावण्या परत येत नाहीत.

पुढचा सोमवार उजाडला. भागूबाईनं तुळशीला पाणी घातलं, वळचणीतली सोनूची कोयती काढून फडक्यात गुंडाळली आणि मला डोक्यावर घेतलं. बाहेर धो धो कोसळत होतं. वेशीवरच्या देवळाला तिनं रस्त्यातूनच हात जोडले आणि ती दहिवलीच्या वाटेला लागली. धुतलेलं लुगडं चिखलानं भरत होतं. मानेवर थेंब पडत होता. तिनं तिथं पदर ओढला नाही.