शेंडेफळाची निळी पाठ

या, असे जवळ सरका. पाय मोकळे सोडा, चित्त माझ्याकडे द्या. देवाने मूठभर जिवासाठी केवढी सोय करून ठेवली होती आणि आम्ही शहाण्यांनी त्यात कसा गोंधळ घातला, ती गोष्ट सांगते.

आमच्या शेडमधली थोरली डुकरीण म्हणजे महाराणी. ती सकाळीच व्यायली. पिल्लांमागून पिल्लं येत गेली. पुसून पुसून सासूबाईंचे हात भरून आले. सगळ्यांत शेवटी आलं ते एवढंसं, ओल्या मोज्यासारखं.

"आलं बाई शेंडेफळ!" आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण, राहतात आमच्यातच.

सासूबाईंचं तोंड मात्र उतरलं. महाराणीचं दर खेपेला हेच व्हायचं. बाकीची धट्टीकट्टी, धाकटं हातचं जायचं. मागच्या वेळी त्यांनी डोळे पुसत बजावलं होतं, "पुन्हा असं झालं, तर महाराणीला देऊन टाकीन. माझ्यानं नाही बघवत." आणि सासूबाई बोललेलं मागे घेत नाहीत.

आता पिल्लाचं सगळं असतं चिकावर. चीक म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दाट दूध. हे पिल्लू जगात येतं ते रिकाम्या हाताने. अंगात ऊब नाही, रोगाशी झुंजायची ताकद नाही. दोन्ही चिकातूनच मिळायचं, तेही पहिल्याच दिवसात. उशीर झाला की पोटाचं ते दार बंद. म्हणून आम्ही पंगती लावतो. दांडगी पिल्लं आधी पितात, त्यांच्या पाठीवर निळ्या खडूची खूण करायची आणि त्यांना दिव्याखालच्या उबदार पेटीत ठेवायचं. मग आई उरते दुबळ्यांच्या वाट्याला.

खडूचं खातं मामंजींकडे. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. कोरड्या खडूची फिकट रेघ त्यांना बघवेना. त्यांनी खडू पाण्यात बुडवला आणि प्यालेल्या प्रत्येकाच्या पाठीवर टपोरा निळा गोल काढला.

"अहो, प्रदर्शन भरवायचंय का?" सासूबाई म्हणाल्या.

"करायचं ते देखणं करावं."

तोवर प्यालेली पिल्लं आईच्या पाठीशी एकावर एक पडून झोपली होती. मामंजींनी निळ्या पाठी बघून एकेकाला पेटीत ठेवलं. त्यात शेंडेफळही निघालं.

"अगंबाई, हेसुद्धा प्यालं?" सासूबाईंचा चेहरा फुलला. "माझा राजा तो!"

राजाने पेटीत भोकाड पसरलं. बाकीची घोरतायत आणि हा भावाचा कान चोखतोय.

"उपाशी आहे ते," आत्याबाई म्हणाल्या.

"वन्सं, तुम्हाला रडणारं प्रत्येक पोर उपाशीच वाटतं. आमच्या ह्यांना, तुमच्या भावाला, भरवून भरवून कसं गोल केलंय, बघा!"

"ताई, खूण बघ ना," मामंजी म्हणाले. "खादाड आहे लेकाचा, दुसरं काय!"

आम्ही सगळेच हसलो. आत्याबाईही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. रडणं बारीक होत चाललं, तशी त्यांनी पिल्लाला उचलून त्याच्या तोंडात करंगळी घातली.

"अगं, तोंड गार पडलंय! आणि पोट बघ, रिकामी पिशवी नुसती." मग त्यांनी दुसरा हात भावापुढे धरला. पंजा निळा. "मी काही खडू धरला नव्हता, मास्तर. तुझी चित्रकला ओली आहे. झोपेत दुसऱ्याची खूण याला लागली."

मामंजींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग नाक पुसलं. नाकही निळं झालं. पण या वेळी कोणी हसलं नाही.

सासूबाईंनी धावत जाऊन शेंडेफळ सडाला लावलं. त्याच्यात ओढायचं बळच नव्हतं. "वाटी आण गं!" त्या मला ओरडल्या. त्यांनी हातानेच सड पिळायला घेतला. महाराणीचं हूं-हूं सुरू झालं. कीर्तनात बुवा पदाच्या शेवटाकडे येताना लय वाढवतात ना, तसं ते भरभर होत गेलं आणि वाटीत पिवळसर धार पडली. मी पिल्लाला उबदार फडक्यात धरलं. आत्याबाई चमच्याने थेंब थेंब सोडू लागल्या, ओठांवर देवाचं नाव.

पहिला थेंब ओघळला. दुसराही ओघळला. मग गळ्याशी हललं काहीतरी.

"गिळलं!" मामंजी एवढ्याने ओरडले की महाराणी दचकली.

"हळू! आता हिचं दूध आटवाल," सासूबाई म्हणाल्या; पण डोळे भरून आले होते.

वाटी संपेपर्यंत शेंडेफळ चमचाच चावायला लागलं. पुन्हा सडाला लावलं, तर असं चिकटलं की सोडवेना.

आठवडाभरात त्याने पुढचा दुधाळ सड बळकावला आणि आडव्या येणाऱ्या थोरल्या भावांना लाथा घालू लागलं. पोट कसं, ढोलकीसारखं! महाराणीला देऊन टाकायची भाषा पुन्हा निघाली नाही. मामंजी खडू आता कोरडाच वापरतात आणि पेटीत टाकण्याआधी प्रत्येकाचं पोट चाचपतात. निळं नाक मात्र सासूबाई त्यांना अजून विसरू देत नाहीत.

तेव्हा आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या आत्याबाईंची आठवण ठेवा. सगळे हसत असताना त्यांनी रडणाऱ्याच्या तोंडात करंगळी घालून पाहिली.