न झालेल्या चर्चेचं इतिवृत्त

सरकारी समितीचं एक बरं असतं, तिला काही करावं लागत नाही, नुसतं जमावं लागतं. नाशकात ब्याऐंशी साली अशीच एक समिती जन्माला आली. वरून परिपत्रक आलं की, खटला न चालताच तुरुंगात कुजत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी कोर्ट, पोलीस, तुरुंग आणि आरोपीच्या घरची चौकशी करून अहवाल देणारं परिविक्षा कार्यालय, यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून मार्ग काढावा. झालं! दर पहिल्या शनिवारी चार खाती एका टेबलाभोवती बसून चहा-चिवडा संपवू लागली, आणि मार्ग तेवढा पुढच्या सभेवर ढकलू लागली.

सभा कशी चालायची ते ऐका. फौजदार खंडेराव म्हणायचे, "गाडी उभी आहे, पण तुरुंगातून यादीच येत नाही." जेलर रंगनाथराव म्हणायचे, "यादी कधीची तयार आहे, पण पोलिसांची गाडीच येत नाही." न्यायाधीश साहेब म्हणायचे, "आरोपीच समोर येत नाही, तर मी पुढची तारीख देण्यापलीकडे काय करणार?" परिविक्षा अधिकारी काहीच म्हणायचे नाहीत, कारण त्यांना पेन्शनीत जायला आठ महिने उरले होते. शेवटी विषय गंभीर आहे यावर सगळ्यांचं एकमत व्हायचं.

हे सगळं लिहून घ्यायचं काम परिविक्षा कार्यालयातल्या कारकून वत्सलाबाई गांगुर्डे यांच्याकडे होतं. का, तर म्हणे बाईंचं अक्षर वळणदार. खरं कारण हे की त्या टेबलाशी बाई एकच होती. वत्सलाबाईंना त्याचा राग यायचा, पण राग गिळून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्या फक्त लक्ष ठेवून होत्या.

आणि त्यांच्या काय लक्षात आलं? मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत सह्या करून कायम करायचं, असा रिवाज. पण वाचत कुणीच नाही. जो तो बोट फिरवत आपलं नाव शोधतो, ते दुसऱ्याच्या वर आहे ना बघतो आणि सही ठोकतो. एकदा त्यांनी रंगनाथरावांचं नाव खंडेरावांच्या वर टाकलं, तर खंडेरावांचं तीन पानी पत्र आलं. त्याच सभेला त्यांनी पाटबंधारे खात्याचा एक इंजिनियर गंमत म्हणून हजर दाखवला होता. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

जूनच्या अखेरीस हरसूलकडची चांगुणा पुन्हा कार्यालयात येऊन बसली. कडेवर पोर होती. तिचा नवरा सहादू अकरा महिने आत होता. गुन्हा म्हणाल तर हा: बाजार करून परतताना शेवटची एसटी चुकली, म्हणून गड्यानं एका दुकानापुढची सायकल उचलली, आणि त्र्यंबक रस्त्यावर हवा भरायला थांबला तिथंच सापडला. पहिल्या दिवसापासून तो कबूल करायला तयार होता. पण कबूल करायला कोर्टात न्यायला हवं ना! त्याला शिक्षा झाली असती फार तर तीन महिन्यांची.

"बाई, ह्यो आत गेला तव्हा ही पोटात व्हती," चांगुणा म्हणाली. "आता धरून उभी ऱ्हाती. आवणी तोंडावर आलीया. मी एकटी भात लावू का हिला बघू?"

वत्सलाबाईंनी तिला चहा पाजला, एसटीत बसवून दिलं आणि परत येऊन टाइपरायटरवरचं कापड झटक्यात ओढलं. डोकं तापलं होतं. जूनच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं होतंच. त्यात त्यांनी एक ठराव घातला: ज्यांची कोठडी संभाव्य शिक्षेहून जास्त झाली आहे, अशा सर्व कैद्यांना जुलैच्या दुसऱ्या सोमवारी कोर्टापुढे उभं करून त्यांची प्रकरणं त्याच दिवशी निकाली काढावीत, यादी तुरुंगानं, गाडी पोलिसांनी आणि अहवाल परिविक्षा कार्यालयानं द्यावा. सूचक खंडेराव, अनुमोदक रंगनाथराव, ठराव एकमताने मंजूर. अशी चर्चा जूनमध्येच काय, समितीच्या जन्मापासून झाली नव्हती.

जुलैच्या सभेत कागद फिरला. कुणी तो ठराव वाचला असता तर नोकरी गेली असती, हे वत्सलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. खंडेरावांनी आपलं नाव पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि सही केली. रंगनाथरावांचं बोट मात्र थांबलं.

"गांगुर्डेबाई, हे काय? यांचं नाव सूचक म्हणून आणि माझं अनुमोदक?"

"साहेब, पुढच्या वेळी आपलं सूचक म्हणून घालते," वत्सलाबाई म्हणाल्या.

"लक्षात ठेवा," असं बजावून त्यांनी सही केली. न्यायाधीश साहेबांनी चिवडा चघळत शेवटची सही केली.

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, बाईंनी कचेरी उघडून प्रती टाइप केल्या आणि सोमवारी जावक क्रमांक टाकून चारी खात्यांना धाडल्या. आता आली का पंचाईत? ज्याच्या त्याच्या हातात ज्याची त्याची सही. यादी निघाली, गाडी निघाली. वत्सलाबाईंनी एकोणीस अहवाल तयार करून आपल्या परिविक्षा अधिकाऱ्यांपुढे ठेवले, आणि त्यांनी त्यांवरही न वाचता सह्या केल्या.

दुसऱ्या सोमवारी गाडी कोर्टाच्या आवारात लागली. जाळीआड सहादू, पायरीवर चांगुणा. एवढ्यात न्यायाधीश साहेबांनी तिघा अधिकाऱ्यांना आणि वत्सलाबाईंना आत बोलावलं.

"हा ठराव मी काल घरी वाचला," ते म्हणाले. "ही चर्चा झाली होती?"

नाही म्हणावं, तर न वाचता सही केल्याचं कबूल. वत्सलाबाईंनी मनात म्हटलं, संपलं, आता गाडी परत जाणार आणि मीही घरी.

"झाली होती, साहेब," खंडेराव घसा खाकरून म्हणाले. "मीच तर विषय काढला."

"आधी मी काढला होता," रंगनाथराव म्हणाले. "यांना तर पटतच नव्हतं. मी अर्धा तास समजावलं."

"अर्धा तास कसला? दहा मिनिटं."

परिविक्षा अधिकाऱ्यांनीही मान डोलावली आणि आपण आकडेवारी मांडल्याचं सांगून टाकलं. न्यायाधीश साहेब तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. इतकी गरमागरम चर्चा झाली, आणि आपल्याला त्यातलं काहीच कसं आठवत नाही? त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

वत्सलाबाईंनी वही उघडली. पान कोरं होतं. त्या कोऱ्या पानावर बोट ठेवून त्यांनी शांतपणे वाचलं, "आपण म्हणालात, हे एकदाच करून भागणार नाही, दर महिन्याला व्हायला हवं."

साहेबांनी मान हलवली. "हं. म्हणालो असेन. चला, बोलवा पहिल्याला."

एकोणीस माणसं. कुणी कबूल केलं, कुणाच्या विरुद्ध साक्षीदारच उरला नव्हता. सहादूला दोन महिन्यांची शिक्षा झाली, ती कधीच भोगून झाली होती. साडेअकराला सुरू झालेलं काम दोनला आटोपलं.

बाहेर सहादू पोरीपुढे उकिडवा बसला. पोर त्याला बघून भोकाड पसरून रडली आणि आईच्या लुगड्यात शिरली. तो हात पुढे करून तसाच बसून राहिला. वत्सलाबाईंचे डोळे भरून आले, आणि आपण केलं त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला. खुशाल नोकरी जावो, असंसुद्धा वाटून गेलं.

चांगुणानं त्यांचे पाय धरायला वाकून पाहिलं, त्यांनी तिला वर उठवलं. मग ती कोर्टाच्या दाराकडे, रिकाम्या गाडीकडे आणि खालच्या घोळक्यात एकमेकांना टाळी देत उभ्या असलेल्या साहेबांकडे बघत राहिली.

"बाई," तिनं विचारलं, "इतकंच काम व्हतं, तर मग अकरा महिने का वं लावले?"