लोकार्पण होईपर्यंत

तांडापेठेतल्या समाज भवनात मंगळवारी दुपारी पाच खोकी येऊन पडली, तेव्हा सिंधूताईंना वाटलं, चला, देवाला दया आली. देवाला आली असेलही. शुभंकर फाउंडेशनला यायला अजून पाच दिवस होते.

खोक्यांत ऑक्सिजनच्या मशिनी होत्या. २०२१ चा एप्रिल चालू होता, नागपुरात दवाखान्याची खाट मिळणं म्हणजे लॉटरी लागणं झालं होतं, आणि माणसं घरच्या पलंगावरच श्वास मोजत पडली होती. सिंधूताई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत त्यांच्या आधार महिला मंडळानं याच भवनात चुली मांडून अख्ख्या वस्तीला जेवू घातलं होतं. ते वर्तमानपत्रात आलं, म्हणून फाउंडेशनला मंडळाचा पत्ता लागला.

शहरातल्या लोकांकडून वर्गणी जमवायची आणि ती अशा लहान संस्थांमार्फत गरजूंपर्यंत पोचवायची, हे फाउंडेशनचं काम. या वर्गणीत पेन्शनर मास्तर होते, शाळेतल्या पोरांचे गल्ले होते, तांडापेठेतल्या कोष्ट्यांनी टाकलेली चिल्लरही होती. अर्ज चौदा पानांचा होता. त्यात एक रकाना होता, ‘अपेक्षित सामाजिक परिणाम’. सिंधूताईंनी लिहिलं, ‘माणसं जगतील.’ फाउंडेशनच्या रीना मॅडमनी तो परत पाठवला, थोडं सविस्तर लिहा म्हणून. सिंधूताईंनी तेही लिहून दिलं. मिळतंय तर चार ओळींनी काय बिघडतं, असं तेव्हा वाटलं होतं.

आता खोक्यांबरोबर पत्र आलं होतं. रविवारी सकाळी अकराला अध्यक्षांच्या हस्ते लोकार्पण होईल. तोवर खोक्यांवरचं सील तोडू नये.

त्याच संध्याकाळी बबनराव भवनाच्या पायरीशी आले. दोन घरं सोडून राहणारे म्हातारे विणकर. मास्कच्या वर दिसणारे डोळे लाल झाले होते.

“ताई, बुढी बोलून नाही राहिली. ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी दाखवून राहिला. मशीन आली म्हणते ना?”

रुख्माबाई त्यांची बायको. चाळीस वर्षं दोघांनी एका मागावर लुगडी विणली. सिंधूताईंचं बाळंतपण याच बाईनं केलं होतं. सिंधूताईंनी तिथंच उभ्याउभ्या रीनाला फोन लावला.

“मॅडम, एक खोकं उघडतो. बाईचा श्वास पुरून नाही राहिला.”

“ताई, मी समजू शकते. पण डोनर्सना सीलबंद डिलिव्हरी दाखवावी लागते. सरांची डेट फार मुश्किलीनं मिळाली आहे. प्लीज, रविवारपर्यंत मॅनेज करा.”

“रविवारपर्यंत ते कशी काढन? तुमीच सांगा.”

“पालथं झोपवा ना त्यांना. व्हिडिओ पाठवते मी.”

आणि व्हिडिओ खरंच आला. त्यात एक गोरीगोमटी बाई पांढऱ्याशुभ्र गादीवर पालथी झोपून हसत होती. सिंधूताईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे त्यांनी जन्मात पुष्कळ पाहिले होते. ही मंडळी मढं व्हायचीही वाट बघत होती, तीही तारीख ठरवून.

बबनरावांचा मुलगा वैभव ऑटो चालवायचा. तो खोक्याभोवती एक चक्कर मारून आला.

“मावशी, सील तं वरच्या बाजूले हाय. खालून कोण पायते?”

“अन् उचललं तं? हलकं लागन ना.”

“त्याचंही पाहू.”

बबनरावांचा हातमाग सहा वर्षांपूर्वी खोलून माळ्यावर टाकलेला. विणकाम परवडेना, पण माग चुलीत घालायला हात होईना, म्हणून लाकडं तशीच पडली होती. वैभवनं खोकं उलटं केलं, खालची चिकटपट्टी ब्लेडनं कापली, मशीन काढली आणि तिच्या जागी मागाची लाकडं, फणी आणि धोटा चिंध्यांत गुंडाळून बसवला. वरचं सील जसंच्या तसं. तासाभरात रुख्माबाईंच्या नाकात नळी होती. सकाळी आकडा त्र्याण्णववर आला, आणि त्यांचा पहिला शब्द होता, “सिंधू वं, चहा घेतला काय तू?”

शुक्रवारपर्यंत पाचही मशिनी पाच घरांत घरघरत होत्या, आणि बबनरावांचा अख्खा माग पाच खोक्यांत. सिंधूताईंच्या घरीही एक माग होता, पण त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. नवरा जाऊन सात वर्षं झाली, तरी पुढच्या खोलीत त्याचा माग उभाच होता. दसऱ्याला त्या त्याला हळदकुंकू वाहायच्या, झेंडूचा हार घालायच्या. पोरगी म्हणायची, आई, जागा किती अडवतो हा. त्या ऐकायच्या नाहीत.

रविवारी लोकार्पण झालं. गर्दी नको म्हणून वस्तीतली फक्त चार माणसं बोलावली होती. फाउंडेशनचीच अकरा आली, त्यात दोन फोटोवाले. अध्यक्षांचा मास्क हनुवटीला राखण बसला होता. खोक्यांवर फाउंडेशनच्या नावाचे ताटाएवढे स्टिकर लागले, फीत कापली, टाळ्या झाल्या. अध्यक्ष ‘प्राणवायू’ या विषयावर वीस मिनिटं बोलले, आणि तेवढा वेळ दोन घरं पलीकडून रुख्माबाईंच्या मशीनची घरघर खिडकीतून ऐकू येत होती. कोणी विचारलं नाही, कसला आवाज म्हणून. यंत्रं द्यायला आलेल्यांपैकी एकालाही चालू यंत्राचा आवाज ओळखता येत नव्हता.

जाताना अध्यक्षांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं एक खोकं उचललं.

“हे एक आमच्या इमर्जन्सी कोट्यात,” रीना खाली बघत म्हणाली. “सरांच्या बंगल्यावर राहील.”

“साहेबांच्या घरी कोणी बिमार हाय का?” सिंधूताईंनी विचारलं.

“नाही. खबरदारी म्हणून.”

समोरच्या भरल्या पोटाच्या माणसांकडे पाहून सिंधूताईंना इतकी किळस आली, की नमस्काराला हात जोडले तेही पदरात पुसावेसे वाटले. गाडी निघून गेली. बबनरावांची लुगडी ज्या बंगल्यांत जायची, तिकडेच आता त्यांचा मागही गेला.

सोमवारी दुपारी रीनाचा फोन आला.

“ताई, खोक्यात लाकडं निघाली.”

“कोणत्या खोक्यात? सारे तं आमच्याजवळ असाले पायजे.”

रीना हळू आवाजात म्हणाली, “सर फार चिडले आहेत. दुसऱ्या लॉटची पाच मशीन्स तुमच्या नावावर मंजूर आहेत, पण ते थांबवा म्हणतायत. तुम्ही लेखी माफी मागा. सील तोडलं, विश्वासाला तडा गेला, असं लिहा. मग मी बघते.”

“अन् त्यांनी खोकं घरी नेलं, ते बी लिहू का?”

“ताई, प्लीज.”

सिंधूताईंनी फोन ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे यादी होती, दुसऱ्या खेपेसाठी थांबलेली पाच नावं. पहिलं अंजूच्या नवऱ्याचं, आकडा शहाऐंशी. पाचवं इंदूबाईंचं. इंदूबाईंना आज नव्वद होता, पण काल ब्याण्णव होता.

त्यांनी वही काढली. अंगणवाडीत मुळाक्षरं गिरवून घेणाऱ्या त्याच हातानं, त्याच वळणदार अक्षरात त्यांनी माफीनामा लिहिला. ‘आमच्या अज्ञानामुळे फाउंडेशनच्या प्रतिमेस धक्का पोचला, त्याबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगीर आहोत.’ रुख्माबाई जिवंत आहे याबद्दल दिलगीर आहोत, एवढंच काय ते लिहायचं राहिलं. सगळ्यात जास्त घाण त्यांना स्वतःच्या अक्षराची वाटली, ते एवढं सुबक आलं म्हणून. फोटो काढून पाठवला आणि त्या नळाखाली हात धूत बसल्या.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘सरांना पत्र आवडलं. मशीन्स उद्या पोचतील. आधीची चार खोकी, आहेत तशी, त्याच गाडीनं परत पाठवावीत. लोकार्पण पुढच्या रविवारी. या वेळी सर स्टेजवर एक खोकं स्वतः उघडून दाखवणार आहेत. तोवर सील तोडू नये.’

त्याच्याखाली रीनानं वेगळी एक ओळ लिहिली होती. ‘फक्त एकच उघडणार आहेत, ताई.’

सिंधूताईंनी ती ओळ दोनदा वाचली. दाराशी अंजू उभी होती, आत न येता, उंबऱ्यापासून चार हात दूर.

“ताई, मशीन भेटन ना?”

“उद्या भेटन वं. जा, त्यांच्याजवळ बस.”

अंजू गेली. सिंधूताईंनी वैभवला हाक मारली.

“पाना घेऊन ये गा बाबू. बबनरावची लाकडं तं खोक्यांसंगं चालली, अन् चार खोक्यांपुरती लाकडं लागतात. आमच्या घरचा माग खोलाचा हाय.”

“काकाचा माग?” वैभव दारातच थांबला. “मावशी, तुमी तं त्याले...”

“खोल.”

वैभव पाना आणायला गेला. सिंधूताईंनी मागावरचा दसऱ्याचा वाळलेला हार उतरवला. मग यादी पुढ्यात घेतली, आणि पहिल्या चार नावांपुढे खूण केली. इंदूबाईंच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘रविवार, अकरा वाजता.’