पिवळ्या डागाचा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. तुमचा नाही, दूर समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाचा. तिथली सगळी माणसं हिंगणघाटच्या बाजारात आरामात मावतील. पण माझा जन्म वर्ध्याचा, बोरगाव मेघेतला, आणि त्याचा मला अभिमान आहे.

नागपूरला आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा होत्या. त्या देशाचे तीन खेळाडू सरावासाठी वर्ध्यात उतरले होते. विमानात त्यांचं सामान हरवलं, त्यात झेंडाही गेला. संयोजकांनी दुसरा पाठवला, तो निघाला भलत्याच देशाचा. संचलन दुसऱ्या दिवशी होतं. धावपटू तालियाने सांगून टाकलं की परका झेंडा घेऊन ती चालणार नाही.

त्यांच्या मुक्कामाशेजारच्या सुलोचनाकाकू शाळेचे गणवेश शिवत आणि दर सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा बांधून देत. तालियाच्या मोबाइलवरचं चित्र पाहून त्यांनी मशीन पुढे ओढली. निळं कापड गणवेशाचं होतं. मधल्या पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यांनी सासऱ्यांचं कोरं धोतर उचललं.

"माह्यं धोतर काऊन कापून राह्यली?" बापूजींनी विचारलं.

"साऱ्या जगाले दिसन, बापूजी. घरी कोन पाह्यते?"

संचलनात झेंडा उघडाच न्यायचा असतो, हे काकूंच्या गावीही नव्हतं. त्यांनी नेहमीसारख्या झेंडूच्या ओल्या पाकळ्या माझ्या पोटात भरल्या, सरकगाठ मारली आणि मला काठीला बांधून दिलं. तालियाने दोरी ओढली ती थेट मैदानात. पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या. ती गोंधळली आणि मीही घाबरलो. पण झेंड्यातून फुलं पडली की टाळ्या वाजवायच्या, हे आपल्याकडे शाळेपासून अंगवळणी पडलेलं. सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. तालिया मान ताठ करून चालली. शर्यतीत ती सहावी आली, त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढे सामान सापडलं, खरा झेंडा आला. जाताना तालियाने मला काकूंच्या हाती दिलं. मग वर्षानुवर्षं मी पेटीत गोधड्यांखाली पडून होतो. मला कोणी विसरावं, याचा राग यायचा.

यंदा पुढच्या स्पर्धा टीव्हीवर लागल्या, त्या मी पेटीतूनच कान लावून ऐकल्या. तालिया नवा झेंडा घेऊन आली. तोही बांधलेलाच होता. तिने दोरी ओढली आणि तिच्या बेटावरची पांढरी फुलं खाली पडली.

"पाह्य वं सुलोचना, फुलं पडले," बापूजी म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले आणि मला पेटीतून काढून उन्हात घातलं.

मित्रांनो, झेंडा कुणाचाही असो, त्याला जपा, अधूनमधून ऊन दाखवा. माझ्या पांढऱ्या पंखावरचा झेंडूचा पिवळा डाग मात्र घासू नका. आम्हाला मिळालेलं पदक तेवढंच आहे.