टोपलीला दुसरा हात

सकाळपासून कौसल्येने कढई तिसऱ्यांदा पुसली. फडक्यावर पुन्हा तीच काळी धूळ! घोडपदेवच्या त्या चाळीमागे पूर्वी शिसं नि पितळ वितळवायचा एक कारखाना होता. मालक कारखाना बंद करून केव्हाच निघून गेला, पण वीस वर्षांची राख मात्र मैदानात तशीच टाकून गेला. तिथे गवताची काडी उगवत नव्हती, मुंगीसुद्धा फिरकत नव्हती. दुपारचं वारं सुटलं की ती राख आधी मागच्या ओळीत शिरायची. मागच्या ओळीत बौद्धांच्या नऊ खोल्या होत्या, त्यांतलीच एक कौसल्येची. पुढच्या चाळीत एखादी खोली रिकामी झालीच, तर ती यांना कोण देणार होतं म्हणा!

कौसल्येची पद्मजा चार वर्षांची. पोर पोट धरून रडायची, घास गिळत नसे, चेहरा पांढराफटक पडलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली नि विचारलं, "घरामागे काय आहे हो तुमच्या?" सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "शिसं पोटात जातंय. औषध देतो. पण धूळ बंद झाल्याशिवाय पोर सुधारायची नाही." धूळ बंद करा म्हणे! घरमालक दाद देईना, म्युनिसिपालिटी म्हणे जागा खाजगी आहे. जावं तर कुठे जावं, या विचाराने ती माउली पिचून गेली होती.

तिचा नवरा भिवा राणीच्या बागेत पालापाचोळा झाडायच्या कामावर होता. तिथल्या एका म्हाताऱ्या माळ्याने त्याला सांगितलं, "राख उचलून नेशील कुठे? तिच्यातच जीव घाल. शेण, कुजका पाला, मासळीची घाण, शिंपल्यांचा चुना, सगळं कालवून थर दे. गांडुळं येतील, मग हरळी मुळं धरील. मुळांनी धरलेली राख उडायची नाही. मात्र तिथे उगवलेलं खाऊ नका रे बाबा, विष मातीतच असतं."

झालं! कौसल्येने पदर खोचला. तबेलेवाला शेणाची गाडी पुढच्या चाळीच्या नळाजवळ रिकामी करी. तिथेच ती सगळं कालवी, भिजवी, कुजवी आणि टोपलीने मैदानात वाही. आता भरली टोपली डोक्यावर चढवायची म्हणजे समोरून दुसरं माणूस लागतं. नळावर बायांची गर्दी असे, पण विटाळाच्या भीतीने एकही पुढे येत नसे; आणि मागच्या ओळीतल्या बायांनी शेणाची टोपली केव्हाच सोडली होती. भिवा कामावर गेला की ती बिचारी अर्धीच टोपली भरी नि दुप्पट फेऱ्या मारी. दिवाळीच्या सुमारास एक दिवस ती ओरडली, "अहो, धावा! गांडूळ!" आणि ती दोघं त्या राखेत उकिडवी बसून त्या इवल्याशा जिवाकडे बघत खुळ्यासारखी हसली.

पौषापर्यंत अर्धं मैदान हिरवं झालं. पद्मजा भाकरीचा तुकडा मागून खाऊ लागली.

मग एका संध्याकाळी मागच्या ओळीतले वडीलधारे बुधाजी दारात आले. "कौसल्या, धर्म घेतला तेव्हा वस्तीनं काय ठरवलं होतं? गावाची घाण पुन्हा डोक्यावर घ्यायची नाही. आणि तू भर चाळीदेखत शेण वाहतेस?"

"पण दादा, माझी पोर..."

"पोर काय मला परकी आहे? पण उद्या हेच लोक म्हणतील, धर्म बदलला, डोकं तेच!"

कौसल्येला रात्रभर झोप आली नाही. बुधाजी खोटं बोलत नव्हते आणि पोर भाकरी खाऊ लागली तरी रात्री अजून कुशीत कण्हत होती.

दुसऱ्याच दिवशी पुढच्या चाळीतला जगदीश नळावर आला. संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता, तोंडाचा गोड. "वहिनी, झकास काम! उरलेलं अर्धंही होऊन जाऊ द्या. मग तिथे आपण सत्यनारायण घालू."

"मग उद्यापासून तुमच्या बायकाही टोपल्या घेतील ना?"

जगदीश हसला. "त्यांना कसं जमणार? तुमच्या लोकांना सवय असते."

महिन्यापूर्वीच्या मोर्च्यात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून भिवाच्या हातात हात गुंफून घसा फोडणारा हाच तो जगदीश! आणि तो हे कुजकेपणाने बोलला नव्हता हो, कौतुकाने बोलला होता.

कौसल्येने टोपली नळासमोर आदळली. "बस्स! राख सगळ्यांच्याच पोरांच्या पोटात जाते. घरटी एकेक टोपली पडू दे, तरच मी हात लावीन. नाहीतर राहू दे अर्धं उघडं!"

सात दिवस टोपली तिथेच पडून होती. बाया हंडे सावरत तिला वळसा घालून जात. दुपारचं वारं उघड्या राखेवरून येतच होतं. पाचव्या दिवशी पद्मजेने पुन्हा जेवण टाकलं. भिवा काकुळतीला आला. "अगं, पोरीकडे बघ! मी टाकतो चार टोपल्या."

"नका हो!" कौसल्येने त्याचा हात धरला आणि ती हमसून हमसून रडली. "आज आपण उचलली तर पद्मी बरी होईल. पण मोठी झाल्यावर हीच टोपली तिच्या डोक्यावर येईल. मी काय करू, तुम्हीच सांगा!"

आठव्या दिवशी गंगुबाई नळावर आली. मालवणकडची म्हातारी, गिरणीत उभा जन्म काढलेली. तिचा नातूही महिनाभर पोट धरून लोळत होता. तिने कळशी खाली ठेवली, कासोटा आवळला आणि टोपली काठोकाठ भरली.

वरच्या गॅलरीतून तिचा मुलगा धोंडू ओरडला, "आये, काय करतंस? लोक काय म्हणतीत?"

"लोकांनी माझो नातू बरो केल्यानी काय रे मेल्या?"

पण टोपली काही उचलेना. तिने नळावरच्या बायांकडे पाहिलं. बाया आपापल्या हंड्यात पाहू लागल्या. वीस पावलांवर कौसल्या दारात उभी होती.

"गो कौसल्या, बघतंस काय? माका एकटीक उचलूक येना नाय. हात दी!"

कौसल्या धावली. चार हातांनी टोपली वर गेली. गंगुबाईच्या कपाळावरून शेणाचा ओघळ उतरला. तो पुसायला तिचा हात मोकळा नव्हता, म्हणून कौसल्येने आपल्या पदराने पुसला. म्हातारी तुरुतुरु मैदानाकडे निघाली.

कौसल्येने घरातून दुसरी टोपली आणून भरली, पण उचलली नाही. पुढच्या चाळीत अजून तेवीस बिऱ्हाडं होती. नळ वाहत होता, हंडे भरून सांडत होते, आणि तो बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं.

"आता कोण?" कौसल्येने विचारलं आणि ती टोपलीपाशी उभी राहिली.